ठोका चुकतो तेव्हा: २६ वर्षांच्या तरुणाचे एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एकाचे नाही. हृदयरोगाच्या ओपीडीत आणि मानसोपचाराच्या खोलीत जे चित्र पुन्हा पुन्हा दिसते, ते इथे एका तरुणाच्या रूपात जुळवले आहे. त्याचे आकडे त्या चित्रात बसतील असे घेतले आहेत. वैद्यकीय माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

पावणेबाराचा 'धप्प'

वय २६. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, दोन मित्रांसोबत भाड्याचा फ्लॅट, आईवडील सातारा जिल्ह्यात गावी. फेब्रुवारीत पाच दिवस ताप आणि सर्दी झाली. ताप उतरला त्याच आठवड्यात रिलीज आली. चार रात्री जेमतेम साडेचार तास झोप, दिवसाला चार कॉफी आणि वर एक-दोन एनर्जी ड्रिंक. सर्दीची गोळीही चालूच होती. अशा बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी रक्तवाहिन्या आकसवणारे औषध असते आणि त्याने काहींना धडधड जाणवते.

चौथ्या रात्री पावणेबाराला तो जेवून डाव्या कुशीवर आडवा झाला. छातीत क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम 'धप्प', घशापर्यंत उसळल्यासारखा एकच ठोका. दोन मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा झाले तेव्हा तो उठून बसला, दोन बोटे मानेवर ठेवली, आणि बोटांखाली नाडीने खरोखरच एक घर सोडले. पुढच्या पाच मिनिटांत हात गार, ओठांभोवती मुंग्या, छाती आवळलेली, 'आता मी जातो' हा एकच विचार. मित्रांनी रिक्षात घालून जवळच्या कॅज्युअल्टीत नेले.

तिथला ईसीजी ठीक होता, फक्त नाडी ११८. रक्तदाब १४६/९२. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह. 'गॅस आहे, टेन्शन घेऊ नका' असे सांगून ॲसिडिटीची गोळी आणि घबराट कमी करणारी अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली. घरी आल्यावर तासाभरात तो झोपला. आईचा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र पडला नाही, कारण बोटांखाली जे लागले होते त्याचे उत्तर कुणीच दिले नव्हते. 'काहीच नाही' असे सांगितले गेले, आणि त्याला तर काहीतरी स्पष्ट लागले होते. पुढच्या दहा आठवड्यांचे मूळ याच फटीत आहे.

आपण 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो. प्रत्यक्षात ठोका चुकत नाही, तो वेळेआधी येतो. हृदयाची लय उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडकडून येते. कधी एखाद्या दुसऱ्या जागेतल्या पेशी त्याच्या आधीच ठिणगी टाकतात. ही जागा खालच्या जवनिकेत असेल तर रिपोर्टवर 'व्हीपीसी' लिहितात, वरच्या कर्णिकेत असेल तर 'एपीसी'. हा ठोका इतक्या लवकर येतो की हृदय तोवर पुरते भरलेलेच नसते. म्हणून त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही आणि नाडीला खंड पडल्यासारखा वाटतो. त्यानंतर थोडी जास्त विश्रांती मिळते, त्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. माणसाला भिववतो तो हा 'धप्प', आणि तो तर अगदी नियमित ठोका असतो. डाव्या कुशीवर हृदय बरगड्यांजवळ सरकते म्हणून तो जास्त जाणवतो. रात्री आवाज कमी आणि नाडी मंद, म्हणून आणखीच.

एवढे पाच मिनिटांत, एका कागदावर रेघ ओढून सांगता येते. पहिल्या रात्री ते सांगितले गेले असते तर पुढचे सगळेच टळले असते असे नाही, पण बरेचसे टळले असते.

दहा आठवड्यांत काय काय साचले

पहिल्या आठवड्यात त्याने दुसऱ्या दवाखान्यात ईसीजी काढला. मग तिसऱ्या. दहा आठवड्यांत नऊ ईसीजी, दोन इको (हृदयाची सोनोग्राफी), चार वेळा कॅज्युअल्टी. सगळे नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने आधी दोन-तीन दिवस बरे वाटायचे, पुढे एक दिवस, शेवटी पार्किंगमध्ये पोचेपर्यंतच. 'ईसीजी काढला तेव्हा ठोका चुकलाच नव्हता' हा त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. नेहमीच्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची लय दिसते.

तिसऱ्या आठवड्यात त्याने ईसीजी काढणारे स्मार्टवॉच घेतले, आणि तिथून गाडी घसरली. घड्याळाचा हिरवा दिवा मनगटातल्या रक्ताची लाट मोजतो, हृदयातली वीज नाही. एका रात्री त्याला प्रत्येक दुसरा ठोका व्हीपीसी येत होता. ही 'बायजेमिनी', ऐकायला भयंकर पण तब्येतीने ठणठणीत माणसातही दिसणारी. वेळेआधीचे ठोके मनगटाशी पोचले नाहीत, घड्याळाने निम्मेच मोजले आणि आकडा दाखवला ३९. प्रत्यक्षात हृदय ७८ ने चालले होते. त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता, पुन्हा कॅज्युअल्टी झाली. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा आणि ३० सेकंदांचा असतो. ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची पूर्ण विस्कटलेली लय, शोधायला तो उपयोगी पडतो, पण हार्ट अटॅक ओळखणे त्याचे काम नाही. हात हलला की 'निर्णय देता येत नाही' असे उत्तर येते, आणि घाबरलेल्या माणसाला ते 'काहीतरी आहे' असे वाचता येते.

आणखी एका गोष्टीने त्याचा घोळ वाढवला. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद होते आणि सोडताना मंद. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटालाही कळतो. ती सुदृढ मज्जासंस्थेची खूण आहे. त्याच्या वहीत मात्र त्याचीही 'अनियमित' म्हणून नोंद होती.

मग आयुष्य आकसत गेले. जिम बंद, जिने बंद. डावी कूस बंद. कॉफी बंद, दिवसाला चार केळी सुरू. अल्प्राझोलाम 'गरजेपुरती' होती ती दिवसाला दोनदा झाली. एकट्याने अंघोळ करताना बाथरूमची कडी लावायची नाही. रात्री फ्लॅटच्या मुख्य दाराची कडीही लावायची नाही, कारण आपण कोसळलो तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना दार फोडावे लागेल. दोन्ही मित्र नाइट शिफ्टला असायचे तेव्हाही हिंजवडीतल्या त्या इमारतीत तो उघड्या दाराने झोपत होता. भीती किती खरी असते ते या एका गोष्टीवरून कळावे.

पाकिटात त्याने सॉर्बिट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी ठेवली होती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'हार्ट अटॅक किट'च्या मेसेजमुळे अशा गोळ्या आज अनेक तरुणांच्या खिशात आहेत. सातव्या आठवड्यात, मीटिंगमध्ये धडधड झाल्यावर, त्याने ती जिभेखाली ठेवली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. निरोगी तरुणात त्याने रक्तदाब झपाट्याने उतरतो, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दाब सावरण्यासाठी नाडी पळू लागते. त्याची १३० वर गेली आणि तो खुर्चीतून खाली घसरला. दुखण्यावरची म्हणून घेतलेल्या गोळीनेच तो ज्यांना भीत होता त्या सगळ्या 'खुणा' हजर केल्या. डॉक्टरांनी हृदयविकारासाठी लिहून दिली नसेल तर ही गोळी पाकिटातून काढून टाकावी.

एकदाच, पण पूर्ण तपासणी

अकराव्या आठवड्यात तो ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पोचला त्यांनी पहिली २५ मिनिटे एकही तपासणी लिहिली नाही. त्यांनी त्याला टेबलावर बोटांनी ताल वाजवून दाखवायला सांगितले: 'तुला जाणवते तसे वाजव.' टक, टक, टक-टक... मोठी थांबणी... ठक. या तालावरूनच अर्धे निदान होते. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, सरळ एका लयीतली १५० च्या पुढची धावपळ असती तर विचार एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या जलद लयीचा, ताल पूर्ण विस्कटलेला असता तर फिब्रिलेशनचा.

मग प्रश्न. कधी शुद्ध हरपली का? धावताना, पोहताना चक्कर? श्रमाने वाढते की थांबते? घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे का, झोपेत, पाण्यात, खेळताना? वडिलांचे चुलत भाऊ ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते, आणि त्याच्या भीतीच्या मध्यभागी तेच बसले होते. त्यांना मधुमेह होता आणि पंचवीस वर्षे बिडी. हे दुःख खरे, पण तारुण्यात अचानक मृत्यू घडवणाऱ्या आनुवंशिक विकारांच्या इतिहासात ते मोडत नाही. हा फरक त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितला.

ईसीजी नीट वाचला: पीआर १५२ मिलिसेकंद, डेल्टा वेव्ह नाही, क्यूटीसी ४१२, छातीच्या पहिल्या लीड्समध्ये ब्रुगाडाची ठेवण नाही. म्हणजे विजेची जास्तीची वाट नाही आणि अचानक मृत्यू घडवू शकणाऱ्या आनुवंशिक लय-विकारांच्या खुणाही नाहीत. इकोत पंपिंग ६२ टक्के, उजवी जवनिकाही नॉर्मल. हिमोग्लोबिन, टीएसएच, पोटॅशियम, मॅग्नेशियम ठीक. थायरॉइड आणि रक्तक्षय पाहणे इथे चुकवू नये, कारण दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत आणि दोन्हींनी धडधड होते. ट्रेडमिलवर तो सव्वादहा मिनिटे पळाला. सुरुवातीला चार व्हीपीसी, नाडी १३० ओलांडल्यावर एकही नाही, थांबल्यावर विश्रांतीत पुन्हा तीन. श्रमाने निघून जाणारे ठोके हे चांगले लक्षण. श्रमाने वाढले असते तर पुढे एमआरआयपर्यंत जावे लागले असते.

सगळ्यात कामाचा ठरला होल्टर. चोवीस तास छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला छोटे यंत्र, आणि सोबत एक पान: धक्का जाणवला की बटण दाबायचे, वेळ लिहायची, तेव्हा काय करत होतो ते लिहायचे. त्या दिवशी अंघोळ नाही, पण बाकी दिनक्रम नेहमीचाच हवा. अनेक जण होल्टर लावून दिवसभर पडून राहतात आणि मग रिपोर्टला अर्थ उरत नाही.

एकूण ठोके १,०८,४२०. व्हीपीसी ६१२, एपीसी ४१. सलग तीन किंवा जास्त कुठेच नाहीत. ६१२ म्हणजे एकूण ठोक्यांच्या ०.५६ टक्के. काळजी करण्याजोगा टप्पा साधारण दहा टक्क्यांपासून सुरू होतो, कारण तेवढे ठोके वर्षानुवर्षे येत राहिले तर काहींचे हृदय कमजोर होऊ शकते. म्हणजे दिवसाला दहा-अकरा हजार. होल्टर लावला तर निम्म्याच्या आसपास निरोगी माणसांत असे काही ठोके सापडतात, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नसतो.

डॉक्टरांनी खरे वळण दिले ते पुढे. त्यांनी त्याचे पान आणि यंत्राची पट्टी शेजारी ठेवली. त्याने २३ वेळा बटण दाबले होते. त्यांपैकी १५ वेळा खरोखर व्हीपीसी होता. आठ वेळा लय साफ होती, फक्त नाडी वाढलेली. आणि ६१२ पैकी उरलेले ५९७ ठोके त्याच्या लक्षातही आले नव्हते. दुपारी मित्रांबरोबर हसत जेवताना तासाभरात ४४ येऊन गेले आणि पानावर एकही नोंद नाही. रात्री अकरा ते बारा, अंथरुणात, १९ आले आणि नोंदी नऊ.

'ठोके दिवसभर आहेत,' डॉक्टर म्हणाले. 'रात्री तू त्यांची वाट बघतोस.'

हेच या प्रकरणाचे सार आहे. ठोके खरे, भीतीही खरी. पण त्याचे हाल ठोक्यांच्या संख्येने ठरत नव्हते, त्यांच्यावर किती पहारा आहे त्याने ठरत होते. म्हणून ठोके मारून भीती जाणार नव्हती.

ठोके औषधाने दाबता येतात, पण तो मोह का आवरायचा याचा धडा वैद्यकशास्त्राला महाग पडला आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे व्हीपीसी एनकेनाइड आणि फ्लेकेनाइडने दाबले तर जीव वाचतील अशी खात्री होती. १९८९ मध्ये 'कास्ट' या चाचणीत दिसले की ठोके दबले, पण या गोळ्या घेणारे जास्त मेले. ते आजारी हृदयाचे रुग्ण होते, हे खरे. पण 'ठोका दिसला की औषध' ही सवय तेव्हापासून सुटली. या तरुणाला नाडी मंद करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलचा पर्याय सांगितला आणि मग दोघांनी मिळून तो बाजूला ठेवला. फार त्रास होणाऱ्यांना ते उपयोगी पडते. दमा असेल तर देत नाहीत.

तो कागद

निघताना डॉक्टरांनी लेटरहेडवर हाताने लिहून दिले. वरच्या भागात निदान: 'व्हीपीसी, कमी प्रमाणात, हृदयाची रचना नॉर्मल. व्यायाम, प्रवास, लग्न, रात्रीचे जेवण, कशालाही बंदी नाही.' खालच्या भागात, ताबडतोब कधी यायचे: शुद्ध हरपली तर. पळताना किंवा वजन उचलताना छातीत दुखले वा चक्कर आली तर. विश्रांतीत नाडी सरळ लयीत १५० च्या वर गेली आणि १५-२० मिनिटांत उतरली नाही तर. छातीवर दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, असे १५ मिनिटांपेक्षा जास्त राहिले तर. यांपैकी काही झाले तर १०८, स्वतः गाडी चालवायची नाही. आणि शेवटची ओळ अधोरेखित: 'एकटा ठोका चुकणे यात नाही. दहा चुकणेही नाही.'

असा कागद फार थोडे डॉक्टर देतात, आणि आमच्या मते गोळीइतकाच तो आवश्यक आहे. 'काही नाही' हे वाक्य रात्री बारा वाजता आठवत नाही, कागद उशीजवळ असतो.

पहारा उठवणे

डॉक्टरांनी त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवले. 'तुला मनाचा आजार आहे' असे म्हणून पाठवले असते तर तो गेला नसता. 'हृदयाचे काम माझे झाले. या ठोक्यांसोबत जगायचे कसे ते शिकवणारा माणूस वेगळा आहे,' असे म्हणून पाठवले, आणि तो गेला.

निदान पॅनिक डिसऑर्डरचे झाले: अचानक येणारे झटके आणि महिन्याहून अधिक काळ पुढच्या झटक्याची धास्ती. आजाराची चिंता हा विकार म्हणण्यासाठी सहा महिने जावे लागतात, ते झाले नव्हते, पण वळण तिकडेच होते. चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ या प्रश्नावलीत २१ पैकी १६. याला नवा जमाना, नवे फॅड म्हणणाऱ्यांसाठी सांगायला हवे: अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये सविस्तर लिहून ठेवली आहे.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचे नव्हते, फक्त मोजायचे. नाडी बघणे, घड्याळ बघणे, गुगल करणे, कुणाला विचारणे. प्रत्येकासाठी खिशातल्या कार्डावर एक रेघ. पहिल्याच दिवशी ६४ रेघा. त्याला स्वतःला वीस-पंचवीस वाटत होत्या.

दुसऱ्या आठवड्यापासून बंदी नाही, विलंब. बघावेसे वाटले की दहा मिनिटे थांबायचे, मग हवे तर बघायचे. दहाव्या मिनिटाला निम्म्या वेळा इच्छाच उरत नाही, आणि हे कळणे हाच अर्धा उपचार. मग अर्धा तास. चौथ्या आठवड्यात घड्याळ रात्री स्वयंपाकघरात, पाचव्यात ईसीजीचे ॲप डिलीट, सहाव्यात घड्याळ एका मित्राला देऊन टाकले. मानेची नाडी दाबणे मात्र पहिल्याच दिवशी बंद, कारण तिथे जोराने दाबले तर ठोके मंदावतात आणि चक्कर येऊ शकते.

तिसऱ्या आठवड्यात आकडा ६४ वरून ११ वर आला आणि भीती तसूभर हलली नाही. इथे पुष्कळ जण सोडून देतात. नीट विचारल्यावर कळले: तो गादीला कान लावून ठोके ऐकत होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून नाडी घेत होता, आईला फोनवर 'माझा आवाज थकल्यासारखा येतोय का गं?' विचारत होता. पहारा उठला नव्हता, साध्या कपड्यांत आला होता. हे सगळे कार्डावर आले तेव्हा आकडा पुन्हा ४० झाला आणि खरे काम सुरू झाले.

श्वासाचेही तसेच. 'खोल श्वास घ्या' हा सल्ला अशा वेळी उलटतो. माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. पहिल्या रात्रीच्या मुंग्या याच होत्या. त्याला शिकवलेला श्वास मिनिटाला सहाच्या आसपास, नाकाने, पोटाने, आत चार सेकंद आणि बाहेर सहा. दिवसातून दोनदा पाच मिनिटे, शांत असताना. झटक्याच्या वेळी त्याचा मंत्र करायचा नाही. झटका दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. श्वासामुळेच वाचलो असे एकदा बसले की श्वास ही दुसरी सॉर्बिट्रेट होते.

भीतीला सामोरे जाणे

हृदयरोगतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच हा भाग करायचा. दमा, फिट्स, गरोदरपण असेल तर वेगळा विचार. कल्पना साधी: ज्या जाणिवांना माणूस भितो त्या मुद्दाम, ठरवून, छोट्या प्रमाणात आणायच्या आणि आपला अंदाज तपासायचा.

वहीत चार रकाने: काय करणार, काय होईल असे वाटते, त्यावर किती टक्के विश्वास, प्रत्यक्षात काय झाले. पहिली नोंद: 'दोन मजले न थांबता चढणे. वर पोचल्यावर कोसळेन. ८० टक्के. धाप लागली, तीन धप्प, एका मिनिटात नाडी उतरली, शेजारच्या काकूंनी दुधाची पिशवी हातात दिली.' तेच दिवसातून तीनदा, आठवडाभर. विश्वास सहाव्या दिवशी २० वर.

मग एक मिनिट जागच्या जागी उड्या. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास. फिरत्या खुर्चीवर ३० सेकंद गिरक्या. डाव्या कुशीवर दहा मिनिटे, पुढे झोप लागेपर्यंत. शेवटी कॉफी. २०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत १०० जणांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस बिनकॉफी ठेवून सतत ईसीजी घेतला. एपीसीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, व्हीपीसी दिवसाला १०२ च्या जागी १५४ झाले, आणि झोप ३६ मिनिटांनी घटली. म्हणजे कॉफीने थोडे वाढू शकतात, आणि कॉफी झोपही खाते. त्याने सकाळचा एक कप परत सुरू केला, दुपारी तीननंतर नाही. एनर्जी ड्रिंक कायमचे बंद. हा त्याग भीतीपोटी नव्हता, म्हणून चालला. अपुरी झोप, दारू, ताप, शरीरातले पाणी कमी होणे यांनी ठोके वाढतात, तेव्हा झोप सात तासांवर आणणे हे घाबरणे नव्हे.

तंत्रात एक चूक हमखास होते: जिना चढताना मित्राला सोबत घेणे, खिशात अल्प्राझोलाम ठेवणे. मग मेंदू शिकतो, 'मित्र होता म्हणून वाचलो.' चौथ्या फेरीपासून एकट्याने.

गोळ्या आणि आई

सायकियाट्रिस्टने चिंता आणि नैराश्यावरची सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम सुरू करून दहा दिवसांनी ५० केली. या गटातल्या औषधांनी पहिला आठवडा-दोन आठवडे अस्वस्थता, मळमळ, कधी धडधडही वाढते. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. हे आधी सांगितले नाही तर हृदयाला भिणारा माणूस तिसऱ्या दिवशी गोळी फेकून देतो. अल्प्राझोलाम सात आठवडे रोज घेतलेली होती, ती एकदम थांबवली तर धडधड आणि निद्रानाश उसळतात. पाव-पाव गोळी कमी करत पाच आठवड्यांत बंद झाली. सर्ट्रालिन बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने, आणि थांबवायची तीही टप्प्याटप्प्याने.

आईचे काम सगळ्यात अवघड. तो दिवसातून आठ फोन करायचा: 'आई, मला काही होणार नाही ना गं?' आणि ती आठही वेळा जीव तोडून सांगायची, 'काही नाही होत रे बाळा.' प्रत्येक उत्तराने तो प्रश्न दुसऱ्या दिवशीसाठी ताजा होत होता. तिला सत्राला बोलावून हे समजावले. ठरले असे की ती म्हणेल, 'कागदावर काय लिहिलंय ते वाच,' आणि मग विषय बदलेल: शेतातले, बहिणीचे, काहीही. पहिल्या वेळी असे बोलून फोन ठेवल्यावर ती रडली. तिला वाटले, लेकराला एकटे सोडले. तो गावी गेला की ती मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. ते बंद करा असे कुणी म्हटले नाही, त्याने पहारा वाढत नव्हता. तीन आठवड्यांत फोन दोनवर आले, आणि त्यांत तो जेवला का हे तीच विचारू लागली.

उपचाराच्या नवव्या आठवड्यातली घसरण

जिममध्ये एक तरुण कोसळल्याचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर आला. तीन दिवसांत रेघा ७ वरून ३१. अशी घसरण येणार हे गृहीत धरूनच आधी एक पान लिहून ठेवले होते: दोन दिवस विलंबाचा नियम पुन्हा, जिना चालूच, नवीन तपासणी नाही, कागद वाचणे.

व्हिडिओबद्दलही बोलावे लागले. असे मृत्यू घडतात, ते नाकारून चालत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातल्या अशा अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड लशीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, आणि आधीच्या ४८ तासांत अतिमद्यपान वा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. त्याला यातले काय लागू होते ते एकेक करून पाहिले. शेवटचे एकच, आणि तेही सांभाळण्याजोगे: तीन महिने बंद पडलेला व्यायाम एका दिवसात पूर्वीच्या वजनांवर न्यायचा नाही, सहा आठवड्यांत न्यायचा. व्हिडिओंचा ग्रुप म्यूट केला. हे टाळणे आहे का, यावर सत्रात बरीच चर्चा झाली. बातमी टाळायची नाही, पण दिवसात पंधरा वेळा तोच मृत्यू पाहणे हीही एक प्रकारची नाडी बघणेच आहे, असे ठरले.

सहा महिन्यांनी

जीएडी-७ पाच. रेघा मोजणे थांबवले आहे. आठवड्याला चार दिवस व्यायाम. दाराची कडी लागते. मध्यंतरी ताप आला तेव्हा दोन दिवस ठोके भरपूर वाढले. त्याने पाणी आणि ओआरएस घेतले, सुट्टी घेतली, कॅज्युअल्टीत गेला नाही. झोप लागायला त्या रात्री दोन तास गेले, आणि भीतीही होती.

त्याने दुसरा होल्टर मागितला, 'आता किती आहेत ते बघू.' डॉक्टरांनी दिला नाही. लक्षणांत बदल नाही, इको नॉर्मल, आणि आकडा २०० आला काय किंवा ९०० आला काय, उपचारात काहीच फरक पडणार नव्हता. ज्या तपासणीच्या उत्तराने निर्णय बदलत नाही ती तपासणी त्याच्यासाठी पुन्हा पहारा ठरली असती. हे त्याला पटायला बराच वेळ लागला, आणि नाही म्हणायला डॉक्टरांनाही.

ज्यांच्या गावात सायकॉलॉजिस्ट नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येते. आधी हृदयाची एक पूर्ण तपासणी करून घ्यावी, मग तो फोन.

त्याची पुढची भेट वर्षाने: एक ईसीजी, रक्तदाब, दहा मिनिटे बोलणे. त्याआधी नाही. कागदाच्या खालच्या भागातली एखादी खूण दिसली तर मात्र त्याच दिवशी.